एमजीबीत रोव्हरचं व्ही-८ बसवावं का? (सल्ला हवा)

डिडकॉटकर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९७२ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. हळदीच्या रंगाची, क्रोम बंपरवाली, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जास्तीचा गिअर) नसलेली. राहतो इंग्लंडात, डिडकॉटला. ही गाडी जिथे जोडली गेली ते अ‍ॅबिंग्डन इथून जेमतेम वीस मिनिटांवर, म्हणजे ती जवळपास माहेरीच आहे. पाच वर्षांपूर्वी घेतली, रविवारी सकाळी दोन तास फिरवायची आणि झाकून ठेवायची एवढाच वापर.

गेलं वर्षभर इंजिन तेल पितंय. लांब उतारावर पाय काढला आणि पुन्हा दाबला की मागे निळा धूर. थांबल्यावर थरथरते. शिवाय मोटरवेवर ताशी ७० मैल म्हणजे चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला ३९०० फेरे, शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो, फुल इंजिन काम काढावं लागेल. आकडा ऐकून मी गाडीकडे न बघता घरात निघून आलो.

अशातच गल्लीतले एक गृहस्थ रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन द्यायला तयार आहेत. रोव्हरच्याच एसडी१ या गाडीतून काढलेलं, सोबत एलटी७७ हा पाच गिअरचा बॉक्स. किंमत इंजिन कामाच्या निम्मीसुद्धा नाही. तर बसवावं का? कुणी केलंय का? आणि केलं तर पुढे पस्तावलात का?

कार्ब्युरेटर

नका.

तिरकस

धागा शंभरी गाठणार. चहा टाकून येतो.

चौथागिअर

कार्ब्युरेटरसाहेबांचं नेहमीचंच आहे, वायपर बदलला तरी त्यांना पाप वाटतं. (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

डिडकॉटकर, तुम्ही जे करू बघताय ते खुद्द कंपनीने केलंय. त्याआधी केन कॉस्टेलो नावाचा रेसिंगवाला माणूस १९७०च्या सुमारास एमजीबीत हेच इंजिन बसवून विकायला लागला होता. ते पाहून ब्रिटिश लेलँडने १९७३ साली स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ आणली. १९७६पर्यंत २५९१ गाड्या काढल्या आणि बंद केली. तेलाचे भाव भडकलेले असताना आठ सिलिंडर कोण घेणार? पण गाडी म्हणून ती झकास होती. १३७ अश्वशक्ती, आणि टॉर्क आपल्या १७९८ सीसीच्या चार सिलिंडरपेक्षा पाऊणपट जास्त.

मुद्दा वजनाचा. हे व्ही-८ अ‍ॅल्युमिनियमचं आहे. मूळचं अमेरिकन, ब्यूकचं. तिकडे १९६१ ते ६३ एवढंच चाललं आणि कंपनीने सोडून दिलं. रोव्हरचे विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत गेले असताना एका बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना ते पडलेलं दिसलं आणि १९६५मध्ये रोव्हरने त्याचे हक्कच घेतले. टाकलेल्या मालातून पुढे रेंज रोव्हर, मॉर्गन प्लस ८, एसडी१ अशी घराणीच्या घराणी चालली. सांगायचं कारण, लोखंडी चार सिलिंडरच्या जागी हे आलं तरी गाडीचं नाक खाली जात नाही. याआधी कंपनीने एमजीसीत, म्हणजे एमजीबीच्याच बहिणीत, लोखंडी सहा सिलिंडर कोंबून पाहिलं होतं, १९६७ साली. नव्वदहून अधिक किलो पुढच्या चाकांवर वाढले आणि त्या काळच्या परीक्षकांनी वळणावरून तिला जे धुतलं ते विचारू नका.

कार्ब्युरेटर

कंपनीने केलं हे खरं. पण कंपनीने इंजिन टाकून बॉनेट लावलं नव्हतं.

मागच्या डिफरन्शियलचं (चाकं फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचं) प्रमाण ३.९ वरून ३.०७ केलं. ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, कॅलिपर बदलले. स्प्रिंगा बदलल्या. रेडिएटर पुढे सरकवला. तेलाचा फिल्टर इंजिनवरून काढून लांब नेला. कार्ब्युरेटर दोन्ही मागच्या बाजूला घेऊन खास मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडणारा नळ्यांचा संच) केलं, का, तर बॉनेटला कुबड नको. कॉस्टेलोच्या गाड्यांना ते कुबड होतं. आणि एवढं सगळं फक्त जीटीत केलं, उघड्या गाडीत केलंच नाही.

डिडकॉटकर, यातलं तुमच्या गल्लीतल्या गृहस्थांकडे काय काय आहे? इंजिन आणि बॉक्स. म्हणजे नारळ मिळालाय, लग्न बाकी आहे.

लेथवाला

नारळाचं आवडलं. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं, एमजी काही आमच्या दारात येत नाही. पण पेट्रोल जीपमध्ये प्युजोचं डिझेल किती बसवली त्याची गणती नाही. तेव्हापासून गिऱ्हाईकाला एकच सांगतो: इंजिन ही नवरी, तिचं बघू नका, वऱ्हाड मोजा. माऊंटिंगची ब्रॅकेटं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्लचचा सिलिंडर, गिअरची दांडी कुठे येते, बॉक्सखालचा आडवा मेंबर, प्रोपेलर शाफ्टची लांबी, स्पीडोमीटरची केबल, सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरचे होज, अ‍ॅक्सिलरेटरची वायर. एकेक वस्तू दोनशे रुपयांची वाटते. गाडी तीन महिने रॅम्पवर.

प्रोपेलर शाफ्ट कापून वेल्ड करताना मापात चूक करू नका आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय लावू नका. आम्ही एकदा घाईत तसाच लावला होता. ताशी साठच्या पुढे जीप अशी हादरायची की मालकाच्या कवळीचा आवाज यायचा.

हवालदिल

कवळी!

मिडलँडवाली

केलंय. उत्तर देण्याचा अधिकार आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची १९७०ची. नवऱ्याने मे महिन्यात इंजिन काढलं आणि म्हणाला, गणपतीपर्यंत फिरवू. गणपती आले तेव्हा गॅरेजमध्ये मखराला जागा नव्हती. गाडी रस्त्यावर आली दुसऱ्या वर्षीच्या गुढीपाडव्याला.

इंजिन आत बसतं. हे पहिल्या दिवशीच कळतं आणि तिथेच माणूस फसतो, कारण दोरीवर लटकलेलं इंजिन जागेवर टेकलं की वाटतं झालं काम. रबर बंपरच्या गाड्यांना, म्हणजे १९७४च्या अखेरीपासून, कंपनीनेच सगळ्या बॉडींमध्ये व्ही-८ची माऊंटिंग ठेवली. आपल्या क्रोमवाल्या साध्या गाडीत ती नाहीत, वेल्ड करावी लागतात. मग एक्झॉस्ट. दोन्ही बाजूंना मॅनिफोल्ड, मध्ये चेसिसच्या पट्ट्या आणि उजवीकडे स्टिअरिंगचा दांडा. जागा इतकी कमी की आम्ही शेवटी आतल्या मडगार्डला भोकं पाडून पाइप चाकाच्या बाजूने काढले. नव्वदच्या दशकात एमजी आरव्ही८ आली तिच्यात असंच होतं. त्या दिवशी माझा नवरा ग्राइंडर हातात घेऊन अर्धा तास नुसता उभा होता. पन्नास वर्षं न गंजलेल्या पत्र्याला भोक पाडायला हात धजत नाही.

एसडी१चं इनटेक मॅनिफोल्ड उंच, बॉनेट लागत नाही. ते टाकलं, बसकं मॅनिफोल्ड आणि चार तोंडांचा कार्ब्युरेटर घेतला. एलटी७७ मात्र मुकाट बसला. १९६७ अखेरीस एमजीबीचे चारही गिअर सिंक्रोमेश (न खडखडता पडणारे) झाले तेव्हा गिअरबॉक्सवरचा टनेल रुंद केला होता, त्यामुळे तुमच्याही गाडीत तो जाईल. थोडं हातोड्याने समजवावं लागतं.

आणि उष्णता. एम४२ मोटरवेवर गर्दीत अडकलो की तापमानाच्या काट्याकडे मी बघायची आणि माझ्याकडे नवरा. दोन इलेक्ट्रिक पंखे, मोठा रेडिएटर, तरीही गरम गाडी बंद करून पाच मिनिटांत परत चालू करायला गेलं की स्टार्टर रुसायचा. एक्झॉस्ट त्याला खेटून जातो ना. त्याला पत्र्याचं कवच केलं तेव्हा तो माणसात आला.

पस्तावलो का? अजिबात नाही. तिसऱ्या गिअरला ताशी ३० मैलांवरून जो ओढ घेते आणि जो आवाज येतो, त्याच्यासाठी पुन्हा करीन. पण खर्च तुम्ही म्हणताय त्या फुल इंजिन कामाच्या अडीचपट झाला, आणि तो पावत्या जपून ठेवल्यात म्हणून माहीत आहे. नवऱ्याला अजून सांगितलेला नाही.

चौथागिअर

मिडलँडवालींना दंडवत. +१ नाही, +८.

डिडकॉटकर

अडीचपट वाचून खुर्चीत सरळ बसलो. कागदपत्रांचं काय होतं? नंबर जातो का?

मिडलँडवाली

नाही जात. आम्ही केलं तेव्हा इथे गुणांची पद्धत होती. मूळ बॉडीला ५, सस्पेन्शनला २, अ‍ॅक्सल २, गिअरबॉक्स २, स्टिअरिंग २, इंजिन १. मूळ नंबर ठेवायला ८ लागायचे. इंजिन आणि बॉक्स बदलला तर ३ गेले, ११ उरले. मागचा अ‍ॅक्सलही बदलला तरी ९. फक्त नवा इंजिन नंबर आणि सीसी कळवावे लागतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट असते, पण गाडीत ठळक बदल केला असेल तर ती सूट जाऊ शकते. आम्ही वाद घालत बसलो नाही, सरळ तपासणी करून घेतो. एवढं इंजिन टाकल्यावर ब्रेक कुणी तिऱ्हाइताने बघितलेले बरे. आणि विमा कंपनीला पहिल्या दिवशीच सांगा.

नियमभाऊ

तिकडचं बरंय. इकडे भारतात कुणी हा धागा वाचून हुरळून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. त्याच जातीचं इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी घेऊन होतं. चाराच्या जागी आठ सिलिंडर म्हणाल तर साहेब चहा पाजून परत पाठवतील.

शिवाय २०२१पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे पुण्यात एखादी जुनी एमजी असेल आणि तिच्यात तुम्ही व्ही-८ टाकलं, तर तो नंबर विसरा.

तिरकस

नियमभाऊ, चहा पाजून परत पाठवतात ते कोणतं आरटीओ? गाव सांगा, बदली करून घेतो.

लेथवाला

सातारा रोडला मॅटाडोरच्या इंजिनावर धावणाऱ्या अँबॅसिडरी मी स्वतः मोजल्यात. त्या सगळ्या चहा पिऊनच गेल्या असतील.

गार्डनस्टेट

न्यू जर्सीतून. इकडची गोष्ट वेगळी आहे, म्हणून कार्ब्युरेटर यांच्याशी असहमत.

अमेरिकेला आलेल्या १९७५नंतरच्या एमजीबींचं प्रदूषण नियमांपायी पार कंबरडं मोडलं होतं. दोन एसयू काढून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, साठ-बासष्ट अश्वशक्ती, वर वजनदार रबरी बंपर. त्यात बदल करणं हे पाप नाही, पुण्यकर्म आहे. इथले लोक जनरल मोटर्सचं ३.४ लिटरचं व्ही-६ टाकतात, कॅमारोतलं, सोबत टी-५ गिअरबॉक्स. व्ही-८पेक्षा आखूड असल्याने रेडिएटर फारसा हलवावा लागत नाही. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मी माझ्या १९७७च्या गाडीत हेच केलं. पंधरा हजार मैल झाले, तेल आणि पेट्रोल सोडून काही घातलेलं नाही.

कार्ब्युरेटर

त्या गाडीचं कंपनीनेच वाटोळं केलं होतं, तिला कुणी काही केलं तरी सुधारणाच. माझा आक्षेप १९७२च्या धडधाकट गाडीला आहे.

हवालदिल

मूर्ख प्रश्न असेल, पण सगळं काढतच आहात तर बॅटरी आणि मोटर का नाही टाकत? ना धूर, ना तेल, ना आवाज.

कार्ब्युरेटर

ना गाडी.

तिरकस

हवालदिल, तुम्ही तुमच्याच नावाला जागलात.

मिडलँडवाली

हसू नका हो त्याला. एका मेळाव्यात तशी एमजीबी चालवून पाहिली मी. सिग्नलवरून पळते छान, शांत आहे. दहा मिनिटांनी मला घरी जावंसं वाटलं, एवढंच.

चौथागिअर

अवांतर: इंजिनांच्या अदलाबदलीत आपल्या देशी कंपन्यांचा हात कुणी धरू नये. काँटेसा आठवते? बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची, आत सुरुवातीला अँबॅसिडरचं १४८९ सीसी. हत्तीला सायकलचं पेडल. पुढे इसुझूचं १८०० आलं तेव्हा बिचारी चालायला लागली. प्रीमियर ११८एनई: अंगाने फियाट १२४, हृदय निसानचं. अँबॅसिडरलाही नव्वदीत इसुझू मिळालं, सोबत पाच गिअर.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे स्टँडर्ड २०००. मद्रासच्या स्टँडर्डने १९८५ला काढली. बॉडी कुणाची? रोव्हर एसडी१ची. म्हणजे डिडकॉटकर ज्या गाडीतलं व्ही-८ उचलू बघतायत तिचीच. आणि त्या देखण्या बॉडीत टाकलं काय, तर १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीशीच्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातलं.

लेथवाला

जे फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरलाही होतं.

चौथागिअर

त्याच घराण्यातलं, हो. आणि ट्रायम्फ टीआर२ या स्पोर्ट्स कारलाही. एकाच पोटची तीन भावंडं: एक शेतात, एक शर्यतीत, एक मद्रासला मंत्र्याच्या दारात.

नियमभाऊ

आमच्या काकांकडे होती स्टँडर्ड २०००. चढावर मागून बैलगाडीवाला हात दाखवून पुढे जायचा. पण काकांनी तिच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नाही, कारण पाहुणे गाडी उभी असतानाच बघायचे.

तिरकस

डिडकॉटकर गेले कुठे? धागाकर्ता पळाला की काय?

डिडकॉटकर

आहे. वाचतोय. एक कबुली द्यायची आहे.

इंजिन मी धागा काढायच्या आदल्या दिवशीच घेतलंय. गॅरेजमध्ये फळीवर आहे, वर जुनी सोलापुरी चादर टाकलीय. ‘गृहस्थ द्यायला तयार आहेत’ असं लिहिलं ते घरचेही इथे वाचतात म्हणून.

तिरकस

अरे देवा. म्हणजे सल्ला नको होता, साक्षीदार हवे होते!

मिडलँडवाली

आमच्याकडेही चादरच होती. फक्त पंढरपुरी.

कार्ब्युरेटर

घेतलंय तर नीट ठेवा तरी. ही इंजिनं तेल वेळेवर न बदलल्यास आत गाळ धरतात आणि कॅमशाफ्टची नाकं झिजतात. पाण्यात गंजरोधक नसेल तर अ‍ॅल्युमिनियम कुजतं. वरचं झाकण काढून बघा. काळं लोणी दिसलं तर पुढचं सगळं हिशेबात धरा. स्वस्तात मिळालं म्हणालात ना.

डिडकॉटकर

काढलं. लोण्यापेक्षा घट्ट आहे. चमचा उभा राहतो.

लेथवाला

आता मूळ प्रश्नाकडे येतो, पन्नास प्रतिसाद झाले आणि कुणी विचारलंच नाही. तुमच्या आत्ताच्या इंजिनला झालंय काय? गॅरेजवाला फुल काम म्हणाला, पण कशावरून? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजलं का?

चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकेका सिलिंडरचं माप घ्या. लिहून ठेवा. मग ज्याचं कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. माप झपकन वाढलं तर रिंगा गेल्या, बोअर-पिस्टनचं काम. नाही वाढलं तर गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये. तिथे फक्त हेड उतरवून भागतं. आणि उतारावर पाय काढून परत दाबल्यावरचा निळा धूर हा माझ्या अनुभवात बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गाईडचा असतो, रिंगांचा नाही. रिंगांचा धूर भार पडल्यावर सतत येतो.

डॉक्टरने थर्मामीटर न लावता पोट कापायला सांगितलं, आणि तुम्ही दुसऱ्याचं पोट विकत आणलंत.

चौथागिअर

मोदक, म्हणजे अनुमोदन. लेथवाला यांना पूर्ण २१.

डिडकॉटकर

नऊ दिवसांनी येतोय, माफी. मध्ये बाबा मिरजेहून आले.

बाबांनी तीस वर्षं मिरज-सांगलीत स्वतःची अँबॅसिडर भाड्याने चालवली आणि तिचं सगळं काम स्वतःच केलं. इथे आल्यावर थंडी, जेट लॅग, दोन दिवस पांघरुणातच. तिसऱ्या दिवशी मी मोजमापाआधी इंजिन गरम करायला गाडी चालू केली. बाबा चहाचा कप घेऊन मागच्या दाराने बाहेर आले आणि म्हणाले, “ही अँबॅसिडर कुणाची रं?”

गाडी त्यांनी अजून पाहिलेली नव्हती. नुसता आवाज.

मग बॉनेट उघडून दाखवलं. जवळच्या चष्म्यातून बराच वेळ बघत राहिले. बोट न लावता एकेक ओळखत गेले. वितरक इकडं, पुशरॉडचं झाकण तिकडं, हे हेच, ते तेच, कार्ब्युरेटर तेवढे दोन कसे काय. मला विचारलं, टॅपेटचा गॅप किती ठेवतोस? म्हटलं १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पुस्तकात आहे. म्हणाले, तीन नंबरचा एक्झॉस्ट सारखा कमी होतोय का?

होतोय. दर सर्व्हिसला तो एकच कमी झालेला असतो, मी सैल करून सोडून देतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, या धाग्यावरही नाही, कारण ते महत्त्वाचं असेल असं वाटलंच नाही.

“व्हॉल्व्हची सीट खातंय,” बाबा म्हणाले. “बिनशिशाच्या पेट्रोलनं. आपल्या गाडीचं पण २००० सालानंतर असंच झालतं. व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप मिटतो, आन् तू सैल करत बसतोस.”

लेथवाला, कॉम्प्रेशनचे आकडे असे: १५५, १५०, १२०, १५२. तिसऱ्यात तेल सोडून परत: १२५. म्हणजे रिंगा नाहीत.

लेथवाला

तुमच्या वडिलांना कोल्हापूरहून नमस्कार सांगा. लोखंडी हेड आहे, सीटच्या जागी कठीण पोलादी सीट बसवून घ्या, गाईड नवीन, सील नवीन. हेड देतोच आहात तर फेसिंगही करून घ्या. खालच्या भागाला हात लावू नका.

चौथागिअर

आवाजाचं तर होणारच. तेच बी-सीरीज इंजिन आहे. अँबॅसिडरचं १४८९ सीसी, १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्स कारला तेच, आणि पुढे वाढवत नेऊन एमजीबीचं १७९८. एमजीबीला सुरुवातीला क्रँकला तीनच बेअरिंग होती, १९६४ अखेर पाच झाली. बाकी खानदान एक. अख्ख्या भारताने चाळीसेक वर्षं स्पोर्ट्स कारचं इंजिन लावून मंत्री आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली आणि कुणाला पत्ता नाही.

कार्ब्युरेटर

मी काहीच बोलत नाही. पहिला प्रतिसाद वाचावा.

मिडलँडवाली

बघा, हरल्यासारखं वाटून घेऊ नका. धुराचा प्रश्न सुटला, पण मोटरवेवरचे ३९०० फेरे तसेच राहिले. तेवढ्यासाठी व्ही-८ कशाला, फक्त बॉक्स बदला. मूळ लेकॉक ओव्हरड्राइव्हवाला बॉक्स शोधा, ७० मैलांना ३२००च्या खाली येतं. किंवा फोर्डचा टाइप ९ पाच गिअरवाला, किंवा मझ्दा एमएक्स-५चा. दोन्हीची किट मिळतात.

लेथवाला

टाइप ९चा पहिला गिअर आखूड असतो म्हणतात. ३.९च्या डिफरन्शियलवर गाडी हलली की लगेच दुसरा टाकावा लागेल.

गार्डनस्टेट

खरंय. मित्राकडे आहे. पहिला गिअर फक्त ड्राइव्हवेतून बाहेर पडण्यापुरता. एमएक्स-५चा बॉक्स हाताला फार गोड लागतो, पण मला विचाराल तर ओव्हरड्राइव्हची ती छोटी कळ दाबण्यात जी मजा आहे ती त्यात नाही.

डिडकॉटकर

हेड परत आलं. बाबा जाण्याच्या आदल्या रात्री दोघांनी मिळून बसवलं. टॉर्क रेंच वापरू दिला नाही त्यांनी आधी, मग मी गुपचूप तपासलं तर दोनच नट पुन्हा आवळावे लागले. धूर गेला. थरथर गेली. खर्च गॅरेजवाल्याने सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाइतका. ओव्हरड्राइव्हवाल्या बॉक्सच्या शोधात आहे, कुणाला इंग्लंडात दिसला तर कळवा.

बाबा मिरजेला पोचल्यावर म्हणाले, आवाज पाठव. आयडलिंगचं एक मिनिट रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: “दोन नंबरचा वाजतोय.”

झाकण काढून फिलरने टॅपेटचा गॅप मोजला. १७ थाऊ.

तिरकस

मग चादरीखालच्याचं काय?

डिडकॉटकर

ते आहे अजून. रोव्हर ३५२८ सीसी, एलटी७७सह, चमचा आतच आहे. ज्याला हवं त्याने येऊन घेऊन जावं.

मिडलँडवाली

किती म्हणताय? नवऱ्याला सांगू नका, सुट्या भागांसाठी विचारतेय.